गिझरची कॉइल दीड वर्षात दोनदा जळली: बोअरच्या जड पाण्याचं घरात काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरहून वाघोलीला राहायला आलेलं चौघांचं कुटुंब. इमारतीला बोअर आणि टँकरचं पाणी. दीड वर्षात गिझरची कॉइल दोनदा जळली, नळांवर पांढरे डाग बसलेत, केस राठ झालेत आणि तूरडाळ पाच शिट्ट्या करूनही बोटचेपी होत नाही. विक्रेत्याने टीडीएस मीटर बुडवून ९०० आकडा दाखवला आणि संपूर्ण घरासाठी साठ हजारांचं सॉफ्टनर सुचवलं. सासऱ्यांना बीपी आहे, नवऱ्याला एकदा मुतखडा होऊन गेलाय. घ्यावं का?

ताई, लगेच घेऊ नका. सॉफ्टनर वाईट नाही. माझं पोटच त्याच्यावर चालतं, गेली सव्वीस वर्षं पुणे, नगर, सोलापूर भागात मी हेच काम करतो. पण तुम्हाला दाखवलेला ९०० हा आकडा हार्डनेसचा नाही, आणि त्याच्या भरवशावर यंत्र विकणं बरोबर नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून: मीठ, सोडा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं. हार्डनेस म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतो, कोणता क्षार आहे ते त्याला कळत नाही. टीडीएस ९०० असताना हार्डनेस २०० असलेलं पाणी मी तपासलंय आणि ६०० असलेलंही तपासलंय. पहिल्या पाण्याला सॉफ्टनर लावलं तर पैसे वाया, दुसऱ्याला न लावलं तर गिझर वाया.

म्हणून पहिलं काम, पाणी प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, खासगीही भरपूर आहेत, खर्च यंत्राच्या मानाने काहीच नाही. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. रिपोर्टमध्ये एकूण हार्डनेस, अल्कलिनिटी (पाण्यात बायकार्बोनेट किती, याचा अंदाज देणारा आकडा) आणि लोह हे तीन आकडे मागून घ्या. भारतीय मानक (आयएस १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्याचा हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर एका बाटलीत नळाचं पाणी आणि दुसरीत तेवढंच आरओचं पाणी घ्या. दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. आरओच्या बाटलीत फेस टिकेल. नळाच्या बाटलीत दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे कण तरंगतील. तो साबण आणि कॅल्शियम मिळून झालेला मळ, तोच बादलीच्या कडेला आणि केसांवर बसतो. ही चाचणी साबणाच्या वडीनेच करा, लिक्विड हँडवॉशने कळत नाही, कारण त्यातला फेस जड पाण्यातही होतो. मत्स्यटाकीच्या दुकानात थेंब मोजायचं किटही मिळतं. पाण्याचा रंग बदलेपर्यंत किती थेंब पडले ते मोजायचं. किटवर आकडा जर्मन डिग्रीत असला तर त्याला १७.८ ने गुणा, म्हणजे मिलिग्रॅम येतील.

आता हे पाणी असं का, ते दोन शब्दांत. मुंबईत तुम्ही तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी वापरत होता. ते सह्याद्रीवर पडून थेट तलावात साठलेलं पावसाचं पाणी, त्यात क्षार फार कमी. पुण्यात खडकवासल्याचं पाणी येतं तिथेही हीच गोष्ट. पण वाघोलीच्या बोअरचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होत काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षं खाली मुरलेलं असतं. वाटेत ते दगडातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत जातं. बोअर जितकी खोल आणि पाऊस जितका कमी, तितकं पाणी साधारणपणे जड. टँकरचा तर रोजचा भरवसा नाही, आज एका विहिरीचं पाणी, उद्या दुसऱ्या. म्हणून पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास तपासा. यंत्राचं माप मे महिन्याच्या आकड्यावर ठरवायचं.

गिझरचं बघू, कारण तुमचा सगळ्यात मोठा खर्च तिथेच झालाय. जडपणाचा एक भाग बायकार्बोनेटचा असतो. तो थंड पाण्यात निमूट विरघळलेला राहतो, पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना खाली बसतो. बसतो कुठे, तर जिथे सगळ्यात गरम आहे तिथे, म्हणजे कॉइलवर. मागच्याच महिन्यात मोशीला एका घरी पंचवीस लिटरचा गिझर उघडला. कॉइल मुळात बोटाएवढ्या जाडीची, बाहेर निघाली ती मक्याच्या कणसाएवढी, राखाडी-पांढरी, वरून खडबडीत. पितळी पाना हलकेच टेकवला तसे अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे गळून पडले, आणि टाकीच्या तळातून निम्मी बादली भरेल एवढा चुरा निघाला. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "गिझरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा, आम्हाला वाटलं चालायचंच." तो आवाज म्हणजेच थराखाली कोंडलेल्या पाण्याची वाफ होत असते. असा आवाज आला की महिनाभरात गिझर उघडायला लावा. थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आत कॉइल तापत राहते आणि एक दिवस फुटते. तुमच्याकडे दोनदा हेच झालंय. कॉइल बदलून उपयोग नाही, तिसरीही जळेल.

सॉफ्टनर येवो न येवो, एवढं आजच करा. गिझरचा काटा ५० ते ५५ च्या दरम्यान ठेवा. ६० च्या पुढे थर फार वेगाने बसतो. बटण अंघोळीच्या आधी लावा आणि काम झालं की बंद करा. कोमट पाणी टाकीत दिवसचे दिवस साठवून ठेवू नका, त्यात जंतू वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण तापवून ते वापरून टाका. वर्षातून एकदा मेकॅनिककडून टाकी रिकामी करून कॉइल आणि मॅग्नेशियमची कांडी बघून घ्या. ही कांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते, आणि क्षाराच्या पाण्यात ती लवकर संपते. "रॉड अजून आहे का?" असं मुद्दाम विचारा, बरेच मेकॅनिक ती काढून टाकतात आणि नवी बसवतच नाहीत.

थर विरघळवायला लिंबूसत्त्व वापरा, एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम. कॉइल काढून त्यात बुडवली की फसफसते, तासाभरात थर सुटतो. नळाची जाळी, शॉवरचं तोंड यांनाही हेच, अर्धा तास पुरतो. विजेच्या किटलीत पाणी आणि चमचाभर लिंबूसत्त्व उकळून वीस मिनिटं ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र नळाला लावू नका, क्रोमचा मुलामा जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. आणि ॲसिडनंतर त्याच जागी ब्लीच चुकूनही ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. स्वयंपाकघरातला ओटा कडाप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल, किंवा खाली शहाबादी फरशी असेल, तर तिथे लिंबू, व्हिनेगर, ॲसिड काहीही लावू नका. हे दगड मूळचे चुन्याचेच. पांढरा डाग जाईल आणि त्याबरोबर दगडाचा पॉलिशही जाईल, कायमचा. ओटा रोज कोरड्या फडक्याने पुसणं एवढाच त्यावर उपाय. डाग पाण्याचा नसतो, पाणी उडून गेल्यावर मागे उरलेल्या क्षाराचा असतो. पाणी उडायच्या आत पुसलं की डाग पडतच नाही.

डाळीचं दुखणं मला लहानपणापासून माहीत आहे. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात दोन विहिरी होत्या. मळ्यातली जवळची, पण तिचं पाणी मचूळ. ते धुण्याभांड्याला आणि जनावरांना. वेशीबाहेरची लांबची, तिला सगळे डाळीची विहीर म्हणायचे. आई बाकी कितीही थकलेली असो, डाळीपुरती एक कळशी तिथूनच आणायची. कारण पुढे शिकल्यावर कळलं. डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम मिळालं की आणखी घट्ट होतं, मग शिट्ट्या वाढवून फारसा उपयोग नाही. तुमच्याकडे आरओ असेल तर डाळ आरओच्या पाण्यात भिजवा आणि त्यातच शिजवा. नसेल तर चिमूटभर खायचा सोडा चालतो, पण रोज नको, त्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. चिंच, टोमॅटो, कोकम डाळ शिजल्यावरच घाला, आंबटाने डाळ आणखी अडते. कुकरचा तळ पांढरा पडतो त्यावर आपल्या बायका बाहेरच्या पाण्यात लिंबाचं साल टाकतात, तो उपाय अगदी खरा आहे.

आता सॉफ्टनर. टाकीत रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात, साबुदाण्याहून लहान. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, ते पुन्हा तयार होतात. म्हणजे सॉफ्टनर क्षार काढत नाही, क्षार बदलतं. टीडीएस होता तेवढाच राहतो, त्यामुळे सॉफ्टनर बसवल्यावर मीटरवर तोच ९०० दिसला तर घाबरू नका. आणि कुणी "आमच्या सॉफ्टनरने टीडीएस कमी होतो" म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

माप कसं काढायचं ते दाखवतो, मग विक्रेत्याशी तुम्हीच बोलू शकाल. समजा हार्डनेस ४५० निघाला. नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, चौघांचे ५४० लिटर. ५४० गुणिले ४५० मिलिग्रॅम म्हणजे रोज २४३ ग्रॅम हार्डनेस. एक लिटर रेझिन एका धुण्यात साधारण ५० ग्रॅम पकडतं. पंचवीस लिटरच्या यंत्रात १२५० ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांनी मिठाचं धुणं. प्रत्येक धुण्याला लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम मीठ, म्हणजे तीन ते पावणेचार किलो. महिन्याला वीस किलोच्या आसपास मीठ, तेही कायमचं.

आणि हे सगळं कशासाठी? संडासचा फ्लश, फरशी पुसणं, कुंड्या, यांनाही मऊ पाणी देण्यासाठी. त्यांना ते लागतच नाही. माझा सल्ला असा की फक्त बाथरूमच्या आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर सॉफ्टनर लावा. रोजचे ३०० लिटर धरले तर तेच पंचवीस लिटरचं यंत्र नऊ दिवस चालेल आणि मीठ महिन्याला बारा किलोवर येईल. गिझर वाचतो, केस-कपडे सुधारतात, आणि स्वयंपाकघराचा नळ वेगळा राहतो. नवीन फ्लॅटमध्ये लाइन वेगळी काढणं प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

स्वयंपाकघराचा नळ वेगळा ठेवायचं कारण तुमचे सासरे. ४५० हार्डनेसचं पाणी पूर्ण मऊ केलं की लिटरमागे २०० मिलिग्रॅमहून थोडं जास्त सोडियम वाढतं. दिवसाला दोन लिटर प्यायले तर पोटात एक ग्रॅमच्या आसपास जादा मीठ गेल्यासारखं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी हे पाणी पिऊ नये. सॉफ्टनरनंतर आरओ असेल तर प्रश्न नाही, आरओ बरंचसं सोडियम काढतो.

यंत्र घेतलंत तर त्याच्यासोबत बायपासचा कॉक, म्हणजे मऊ पाण्यात थोडं मूळचं जड पाणी मिसळू देणारा कॉक, घ्याच. हार्डनेस शून्यावर आणायचा नाही, ८० ते १०० वर ठेवायचा. शून्याच्या पाण्यात साबण अंगावरून निघतच नाही असं वाटतं आणि माणसं दुप्पट पाणी ओततात. मीठ जाडं, बिनआयोडीनचं वापरा. बारीक आयोडीनयुक्त मिठाची टाकीत ढेप होते. पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीला तांबूस कड येत असेल, तर आधी लोहाचा फिल्टर लावा, नाहीतर रेझिनचे मणी तांबडे पडून निकामी होतात. मिठाच्या धुण्याचं खारट पाणी गटारातच गेलं पाहिजे. ते तुळशीला, कुंड्यांना किंवा सोसायटीच्या पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरण खड्ड्यात कधीच सोडू नका. एका सोसायटीत ते वर्षभर त्या खड्ड्यात सोडलं होतं, आणि पुढे बोअरचं पाणीच खारट लागायला लागलं. तो पश्चात्ताप मी डोळ्यांनी पाहिलाय.

सोसायटीला आधीच मोठं सॉफ्टनर आहे का, तेही विचारा. वाघोली, उंड्री, मोशीकडच्या कित्येक इमारतींत ते असतं, पण त्यात मीठ घातलं जात नाही, आणि यंत्र नुसतं पाणी आरपार सोडत उभं असतं. थेंबांचं किट घेऊन यंत्राच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तपासा, पाच मिनिटांत कळेल. दोन्ही आकडे सारखे निघाले तर समितीच्या बैठकीत ते मांडा. सगळ्या घरांचा खर्च वाचेल.

शॉवरला लावायच्या छोट्या फिल्टरची जाहिरात तुम्ही पाहिलीच असेल. त्याचा हिशोब करा. आत १०० मिलिलिटर रेझिन आहे असं धरलं तरी ते ५ ग्रॅम हार्डनेस पकडणार. ४५० च्या पाण्याची वीस लिटरची एक बादली म्हणजे ९ ग्रॅम. एका अंघोळीतच ते संपलं. गाळ अडेल, क्लोरीनचा वास कमी होईल, पण पाणी मऊ होणार नाही. पाइपला बाहेरून बांधायच्या चुंबकांनी हार्डनेस एका मिलिग्रॅमनेही कमी होत नाही, मी ती कुणालाच सुचवत नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. पॉलिफॉस्फेटचे खडे असलेला छोटा फिल्टर मात्र वॉशिंग मशीनच्या तोंडाला लावायला स्वस्त आणि बरा आहे. तो कॅल्शियम काढत नाही, फक्त चिकटू देत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी तो नाही. बजेट कमी असेल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

आरओचं वाया जाणारं पाणी बऱ्याच घरांत बादलीत धरून मशीनला घालतात. पाणी वाचवायची तळमळ मला मनापासून आवडते, पण हे पाणी मशीनला नको. ४५० च्या पाण्यातला एक तृतीयांश भाग शुद्ध होऊन बाजूला गेला की उरलेल्यात हार्डनेस पावणेसातशेच्या घरात जातो. ते फ्लशला वापरा, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरा.

मुतखड्याची भीती प्रत्येक घरात विचारली जाते. मी डॉक्टर नाही, म्हणून ठाम माहीत आहे तेवढंच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेससाठी आरोग्याच्या आधारावर कुठलीही मर्यादा घातलेली नाही. नळावर जो थर दिसतो तोच पोटात बसतो, हे खरं नाही. पाणी कमी पिणं हे खड्याचं मोठं कारण आहे, आणि चव आवडत नाही म्हणून पाणी कमी पिणारी माणसं मी जड पाण्याच्या भागात खूप पाहिली आहेत. तुमच्या यजमानांना ज्या पाण्याची चव आवडेल ते भरपूर पिऊ द्या, बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

केस राठ होतात ते साबणाच्या त्या चोथ्यामुळे. शांपू वापरा, वडी नको, आणि शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे घ्या. लहान मुलांच्या इसबासाठी सॉफ्टनर घ्यायचा विचार कुणी करत असेल तर २०११ साली ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या चाचणीत सॉफ्टनर बसवलेल्या घरांतल्या मुलांना जादा फायदा दिसला नाही. त्या कारणासाठी यंत्र घेऊ नका.

तुमचं कुणी अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहत असेल तर माझं हे उत्तर त्यांना जसंच्या तसं लावू नका. तिथे पाण्यात साधं मीठच जास्त, सॉफ्टनरने ते हलत नाही. प्यायला आरओ किंवा साठवलेलं पावसाचं पाणी, हाच तिथे मार्ग.

पावसाच्या पाण्यात हार्डनेस जवळपास नसतोच. १०० चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्या आणि मग पन्हळीखाली पिंप लावून बघा. डाळ, केस आणि इस्त्रीच्या पाण्यापुरतं तरी चार महिने ते सहज मिळेल. पिण्यासाठी मात्र गाळून, उकळूनच.

रिपोर्ट आला की एकूण हार्डनेस, अल्कलिनिटी आणि लोह हे तीन आकडे इथेच लिहा, बाथरूम किती आणि मशीनची लाइन कुठून येते तेही कळवा. रेझिन किती लिटरचं लागेल ते मी काढून देतो. तोवर गिझरचा काटा ५० वर आणा, आणि लाह्यांचा आवाज येत असेल तर या रविवारी एमसीबी बंद करून मेकॅनिककडून तो उघडून घ्या.